‘वाजवी आणि प्रचलित’ दर ठरवतो कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका गृहस्थांनी विमा कंपनीच्या नेटवर्कबाहेरच्या, म्हणजे कंपनीशी दरांचा करार नसलेल्या, अस्थिरोगतज्ज्ञाकडे स्वतःहून उपचार घेतले. बिलाचा मोठा भाग ‘या भागातील प्रचलित दरापेक्षा जास्त’ असे म्हणून कंपनीने अमान्य केला. हा प्रचलित दर ठरवतो कोण, पैसे देणारी कंपनीच तो ठरवत असेल तर हा हितसंबंधांचा उघड संघर्ष नाही का, आणि पुण्यात आईवडिलांच्या क्लेममधली ‘रिझनेबल अँड कस्टमरी’ या शब्दांखालची कपात याच जातीची आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

तुमची शंका रास्त आहे. अमेरिकेत हाच प्रश्न राज्याच्या ॲटर्नी जनरलपासून सिनेटच्या समितीपर्यंत गेला आणि त्यातून कोट्यवधी डॉलर्सच्या तडजोडी झाल्या. मी बरीच वर्षे अमेरिकी क्लेमचे काम केले आहे, आधी पुण्यातल्या एका मेडिकल बिलिंग कंपनीत डॉक्टरांच्या वतीने अपिले लिहिण्याचे आणि नंतर पैसे देणाऱ्यांच्या बाजूने दरपडताळणीचे. दोन्ही खुर्च्यांवर बसल्यानंतर माझे मत असे झाले आहे की बिलाला कात्री लागणे यात मुळात गैर काही नाही, कारण अमेरिकी डॉक्टरांची छापील बिले पुष्कळदा अवास्तव असतात. पाहायचे ते एवढेच, की ज्या आकड्याशी तुमचे बिल ताडून पाहिले तो आकडा कुणी तयार केला, आणि तो लहान निघाला तर त्याला काय मिळते.

आधी तुमच्या हातातला कागद पाहू. ‘एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स’ म्हणजे ईओबीवर साधारणपणे पाच रकाने असतात: डॉक्टरांनी लावलेली रक्कम, कंपनीने मान्य केलेली रक्कम, डिडक्टिबल (आधी तुम्ही स्वतः भरायची रक्कम), को-इन्शुरन्स (त्यानंतरच्या खर्चातला तुमचा टक्का) आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम. पहिल्या दोन रकान्यांतल्या फरकापुढे बहुतेक वेळा ४५ हा कारण-कोड असतो आणि त्याच्याआधी दोन अक्षरे असतात. ‘सीओ ४५’ असेल तर तो फरक डॉक्टरांनी सोडून द्यायचा असतो, कारण त्यांचा कंपनीशी करार असतो. ‘पीआर ४५’ असेल तर तो फरक रुग्णाच्या माथी येतो. नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरांच्या बाबतीत बहुधा दुसरा प्रकार असतो, आणि मान्य रक्कम जितकी खाली येईल तितका तुमचा हिस्सा वाढतो. पॉलिसीत ‘आम्ही ८० टक्के देऊ’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते, पण हे ८० टक्के बिलाचे नसून मान्य रकमेचे असतात. सारा वाद या मान्य रकमेचा आहे.

आता ती कुठून येत होती ते सांगतो. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या व्यापारी संघटनेने १९७३ मध्ये डॉक्टरांच्या बिलांची एक सामायिक माहितीपेढी सुरू केली होती. तिची प्रतिस्पर्धी म्हणावी अशी दुसरी पेढी मेडिकोड या कंपनीकडे होती. युनायटेड हेल्थ या अवाढव्य विमा समूहाने १९९७ मध्ये मेडिकोड विकत घेतली आणि १९९८ मध्ये त्याच्याच इंजेनिक्स या उपकंपनीने व्यापारी संघटनेची पेढीही घेतली. म्हणजे देशातल्या दोन्ही प्रमुख माहितीपेढ्या एकाच विमा कंपनीच्या घरात आल्या. युनायटेड हेल्थ स्वतः त्या आकड्यांवर क्लेम कापत होती, आणि एट्ना, सिग्ना, वेलपॉइंट यांसारख्या कंपन्या तिची वर्गणी भरून तेच आकडे वापरत होत्या. शिवाय त्या पेढीत कच्ची बिले भरणाऱ्याही याच कंपन्या होत्या. आकडे पुरवणारे, त्यांवर प्रक्रिया करणारे आणि त्यांच्या आधारे कमी पैसे देणारे असे सगळे एकाच बाजूचे, आणि रुग्ण व डॉक्टर या साखळीत कुठेच नाहीत, अशी ही रचना होती.

यात कुणी खोटे आकडे लिहायची गरज नसते. माहिती ‘स्वच्छ’ करण्याच्या निरुपद्रवी दिसणाऱ्या नियमांतच सगळे होऊन जाते. समजा, एका गावात एकाच तपासणीची दहा बिले आहेत: ९०, १००, ११०, १२०, १३०, १५०, १६०, १८०, २४० आणि ३०० डॉलर. पॉलिसीत ‘प्रचलित दर’ म्हणजे ८० वा शतमक (ज्या आकड्याइतकी किंवा त्याहून कमी अशी ८० टक्के बिले असतात तो आकडा) असे लिहिले असेल, तर चढत्या क्रमाने आठवे बिल, म्हणजे १८० डॉलर, हा दर ठरेल. आता कुणी म्हणाले की २४० आणि ३०० ही बिले अपवादात्मक आहेत, ती गाळू या. उरलेल्या आठांत ८० वा शतमक सातव्या बिलावर, म्हणजे १६० वर येतो. मग त्याच कोडखाली डॉक्टर नसलेल्या, नर्स प्रॅक्टिशनरसारख्या व्यावसायिकांची ७० आणि ८० डॉलरची दोन बिले मिसळली, तर पुन्हा दहा बिले होतात आणि आठवे निघते १५० चे. दोन्ही निर्णय स्वतंत्रपणे पाहिले तर समर्थनीय वाटतात आणि तरी दर १८० वरून १५० वर आलेला असतो. उदाहरण माझे आहे, पण न्यायालयीन वादांत आणि सिनेटच्या चौकशीत इंजेनिक्सच्या पेढ्यांवर नेमके असेच आक्षेप होते: कंपन्या वरची बिले गाळून माहिती पाठवत, इंजेनिक्स पुन्हा वरचीच बिले अधिक गाळे, आणि उपचार करणाऱ्याची पात्रता वा रुग्णाच्या आजाराचे गांभीर्य यांची नोंद मुळात होतच नसे. सांख्यिकी शिकलेल्या माणसाला हे लगेच कळते. पण चूक नेहमी एकाच दिशेने का होते, असा प्रश्न विचारणारा त्या खोलीत कुणी नव्हता.

फेब्रुवारी २००८ मध्ये न्यूयॉर्कचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल अँड्र्यू क्युमो यांनी या प्रकाराची चौकशी जाहीर केली आणि सोळा विमा कंपन्यांना समन्स काढले. त्यांनी दिलेले उदाहरण आजही शिकवण्याजोगे आहे. साध्या तपासणीचे बिल २०० डॉलर असताना कंपनी प्रचलित दर ७७ डॉलर असल्याचे सांगे, त्याच्या ८० टक्के म्हणजे ६२ डॉलर देई आणि उरलेले १३८ डॉलर रुग्णाने भरावेत अशी वेळ येई. जानेवारी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालात, न्यूयॉर्क राज्याच्या निरनिराळ्या भागांत डॉक्टरांच्या तपासणीचे दर १० ते २८ टक्क्यांपर्यंत कमी दाखवले गेल्याचा निष्कर्ष होता. त्या अहवालातली मला सर्वांत बोलकी वाटलेली गोष्ट आकड्यांची नाही. इंजेनिक्स आपल्या ग्राहक-कंपन्यांशी करार करताना, ही माहिती केवळ माहितीसाठी आहे आणि तिच्या कोणत्याही विशिष्ट वापराची आम्ही शिफारस करत नाही, अशी हमी-नकाराची कलमे घालत असे. त्या कंपन्या मात्र तोच आकडा विमेदाराला ‘तुमच्या भागातला प्रचलित दर’ म्हणून ठणकावून सांगत. विकणारा ज्याची जबाबदारी घेत नाही ते रुग्णाने निमूट मान्य करावे, अशी ही अपेक्षा होती.

युनायटेड हेल्थने चूक मान्य न करता दोन्ही पेढ्या बंद करण्याचे आणि स्वतंत्र, ना-नफा माहितीपेढीसाठी पाच कोटी डॉलर देण्याचे कबूल केले. एट्नाने दोन कोटी, सिग्ना आणि वेलपॉइंटने प्रत्येकी एक कोटी दिले. त्याच आठवड्यात अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने २००० साली दाखल केलेला सामूहिक दावा युनायटेड हेल्थने ३५ कोटी डॉलरला मिटवला. तुमच्या न्यू जर्सीतच त्याआधी हेल्थ नेट या कंपनीने याच पेढ्यांच्या वापरावरून २००८ मध्ये सुमारे २१.५ कोटी डॉलरची तडजोड केली होती. मार्च २००९ मध्ये जे रॉकफेलर यांच्या अध्यक्षतेखालच्या सिनेट समितीने सुनावण्या घेतल्या आणि युनायटेड हेल्थचे प्रमुख स्टीफन हेम्स्ली यांना साक्षीला बोलावले. इंजेनिक्सचे नाव २०११ मध्ये बदलले. ती आज ऑप्टम या नावाखाली चालते आणि विमा समूहाच्या मालकीचीच आहे.

तडजोडीच्या पैशातून ऑक्टोबर २००९ मध्ये ‘फेअर हेल्थ’ ही संस्था न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली. तिच्या संकेतस्थळावर पिनकोड आणि उपचाराचे नाव टाकले की त्या भागातली बिले कुठपर्यंत जातात हे कुणालाही विनामूल्य पाहता येते. संस्था चांगली आहे, आणि तुम्ही तिचा आकडा आधी काढून ठेवाच. पण इथे बहुतेक लेख थांबतात आणि खरी गोष्ट पुढेच आहे. स्वतंत्र पेढी उभी राहिली, तरी पॉलिसीने ‘आम्ही याच पेढीचा दर वापरू’ असे कायमचे बांधून घेतलेले नव्हते. कंपन्यांवरचे बंधन पाच वर्षांचे होते. त्या काळातच आणि त्यानंतर, अनेक योजनांनी पॉलिसीतली व्याख्याच बदलली. ‘प्रचलित दर’ गेला आणि त्याच्या जागी ‘मेडिकेअरच्या (ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विमा योजनेच्या) दराच्या अमुक टक्के’ आले, कुठे ११०, कुठे १४०. मेडिकेअरचे दर बिलांच्या मानाने बरेच कमी असल्याने मान्य रक्कम इंजेनिक्सच्या काळापेक्षाही खाली आली आणि तीही पूर्णपणे कायदेशीरपणे. (जाता जाता: मेडिकेअरच्या दरांतही हितसंबंध नाहीत असे कुणी समजू नये. कोणत्या उपचाराला किती वजन द्यायचे याच्या शिफारशी १९९१ पासून अमेरिकन मेडिकल असोसिएशनचीच एक समिती करते, म्हणजे तिथे दर घेणारेच दर सुचवतात.)

तरीही मेडिकेअरचा टक्का उघड असतो. तो पॉलिसीत वाचता येतो आणि गणित घरी करता येते. मला अधिक चिंताजनक वाटतो तो दुसरा प्रकार, आणि तुमची योजना तुमच्या कंपनीमार्फत मिळालेली असेल तर तुमचा क्लेम त्यात असण्याची शक्यता बरीच आहे. अमेरिकेत नोकरीतून विमा असलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक ‘सेल्फ फंडेड’ योजनेत असतात. कार्डावर नामांकित विमा कंपनीचे बोधचिन्ह असते, पण क्लेमचे पैसे मालकाच्या तिजोरीतून जातात. विमा कंपनी फक्त कारभार पाहते. मग इथे तिला दर पाडण्यात रस का असावा, तिचे तर पैसे वाचत नाहीत, असे वाटणे साहजिक आहे. उत्तर फीमध्ये आहे. पुष्कळ करारांत विमा कंपनी नेटवर्कबाहेरच्या बिलावर ‘जे वाचवले’ त्याच्या ३० ते ३५ टक्के फी मालकाकडून घेते, आणि दर सुचवणारी तिसरी कंपनीही वाचवलेल्या रकमेवर आपला हिस्सा घेते.

आकडे घालून पाहा. बिल १०,००० डॉलरचे आहे. सुचवलेला दर २,००० निघाला. ‘बचत’ ८,००० झाली आणि तिच्यावर ३५ टक्क्यांनी फी झाली २,८००. शस्त्रक्रिया करणाऱ्याला २,००० आणि बिल तपासणाऱ्याला २,८००. मालकाला वाटते की आपण ५,२०० वाचवले. डॉक्टर उरलेल्या ८,००० साठी रुग्णाला बिल पाठवू शकतात, त्यामुळे ती ‘बचत’ प्रत्यक्षात कर्मचाऱ्याच्या खांद्यावर सरकलेली असते. जेवढे बिल फुगलेले आणि जेवढा दर पाडलेला, तेवढी फी जास्त. म्हणजे बिले वाजवी असावीत यात मधल्या माणसाला काडीचाही रस उरत नाही.

ही कल्पनेतली गोष्ट नाही. एप्रिल २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने मल्टिप्लॅन या दर सुचवणाऱ्या कंपनीवर सविस्तर शोधवृत्त दिले. त्यात न्यायालयीन कागदपत्रांच्या आधारे कॅलिफोर्नियातल्या आठ व्यसनमुक्ती केंद्रांच्या क्लेमचा हिशेब होता: सिग्नाला मालकांकडून फीपोटी सुमारे ४४.७ लाख डॉलर मिळाले, मल्टिप्लॅनला १२.२ लाख, आणि उपचार करणाऱ्या केंद्रांना २५.६ लाख. कंपन्यांचे म्हणणे असे की त्या अवाजवी बिलांपासून मालकांचे रक्षण करतात आणि फी करारात लिहिलेली असते. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात आणि तरीही संघर्ष तसाच राहतो. स्पर्धक विमा कंपन्या एकाच संगणकीय साधनाचा दर वापरतात म्हणून ही संगनमताने केलेली दरनिश्चिती आहे, असे डॉक्टर आणि रुग्णालयांचे दावेही दाखल झाले असून ते शिकागोच्या संघीय न्यायालयात एकत्र चालवले जात आहेत. मल्टिप्लॅनने २०२५ मध्ये आपले नाव बदलून क्लॅरिटेव्ह केले. नाव बदलण्याची ही प्रथा या धंद्यात लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण अपिलाच्या कागदांत जुनी आणि नवी दोन्ही नावे येतात.

आणीबाणीतले उपचार किंवा नेटवर्कमधल्या रुग्णालयात नकळत गाठ पडलेला बाहेरचा भूलतज्ज्ञ, अशा प्रसंगी १ जानेवारी २०२२ पासून ‘नो सर्प्रायझेस ॲक्ट’ रुग्णाला जादा बिलापासून वाचवतो. तुम्ही डॉक्टर स्वतः निवडल्यामुळे तो तुम्हाला लागू होत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. पण दरांच्या दृष्टीने त्यातली एक तरतूद पाहण्यासारखी आहे. रुग्णाचा हिस्सा ज्या आधारदरावर ठरतो आणि डॉक्टर व विमा कंपनी यांच्यातला वाद सोडवणाऱ्या लवादासमोर जो आकडा ठेवला जातो, तो म्हणजे विमा कंपनीच्या ३१ जानेवारी २०१९ रोजीच्या स्वतःच्या करारदरांचा मध्यक (चढत्या क्रमातला मधला दर), त्यावर पुढे महागाईची वाढ. तो मध्यक काढते विमा कंपनीच. डॉक्टरांच्या संघटनांचा आक्षेप असा की करारांत असे शेकडो दर असतात जे तो डॉक्टर कधीच न करणाऱ्या उपचारांसाठी, वाटाघाटी न करता, नावापुरते लिहिलेले असतात, आणि त्यांना धरून मध्यक काढला की तो खाली येतो. टेक्सासमधल्या संघीय न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये असे ‘भुताटकीचे दर’ धरणे अमान्य केले. अपील न्यायालयात तो निकाल ऑक्टोबर २०२४ मध्ये बराचसा फिरला आणि वाद पुढे चालू राहिला. पंधरा वर्षांपूर्वी सामायिक पेढीत जे घडत होते तेच आता प्रत्येक कंपनीच्या आपापल्या वहीत घडू शकते. फरक एवढाच की आता सरकारी लेखापरीक्षणाची तरतूद आहे.

डॉक्टरांची बाजू इतकी वेळ मांडल्यावर दुसरीही सांगायला हवी. बिलांच्या ८० व्या शतमकाला दर बांधला, तर बिल ठरवणारे डॉक्टरच दर ठरवू लागतात. अलास्का राज्याने २००४ मध्ये असा नियम केला. जिथे एखाद्या शाखेचे दोन-तीनच तज्ज्ञ आहेत तिथे त्यांनी बिले वाढवली की शतमक वाढायचा, आणि अखेर राज्याने तो नियम १ जानेवारी २०२४ पासून रद्द केला. नो सर्प्रायझेस कायद्याच्या लवादातही निकाल मोठ्या बहुसंख्येने उपचार करणाऱ्यांच्या बाजूने लागत आले आहेत, आणि तिथे येणाऱ्या प्रकरणांत खासगी गुंतवणूकदारांच्या मालकीच्या मोठ्या डॉक्टर-समूहांचा भरणा आहे. गावातला एकटा डॉक्टर तिथे क्वचितच पोहोचतो. त्यामुळे ‘विमा कंपनी वाईट, डॉक्टर बिचारे’ अशी मांडणी मी करणार नाही. न्यूयॉर्कचा कायदा मला त्यातल्या त्यात बरा वाटतो: तिथे नेहमीच्या दराची व्याख्या विमा कंपनीशी संबंध नसलेल्या ना-नफा पेढीतला ८० वा शतमक अशी कायद्यात लिहिली आहे. शतमकाचा दोष त्यातही आहे, पण आकडा कुणाच्या घरचा नाही आणि दोन्ही पक्षांना तो आधी पाहता येतो.

कायद्याच्या भाषेत तुमच्या ‘हितसंबंधांचा संघर्ष’ या शब्दांना आधारही आहे. जून २००८ मध्ये मेटलाइफ विरुद्ध ग्लेन या खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की जी कंपनी दाव्याची पात्रता ठरवते आणि तिचे पैसेही देते तिच्यात हितसंबंधांचा संघर्ष आहेच, आणि न्यायालयांनी तो एक घटक म्हणून विचारात घ्यावा. तो खटला अपंगत्व-विम्याचा होता, पण नोकरीतून मिळणाऱ्या आरोग्यविम्यालाही तोच संघीय कायदा लागतो. मात्र ‘एक घटक’ याचा अर्थ तेवढ्याने दावा जिंकता येतो असा नाही.

आता तुमच्या क्लेमचे पाहू. पहिली गोष्ट, योजना सेल्फ फंडेड आहे का हे एचआरला लेखी विचारा. असेल तर न्यू जर्सीच्या विमा खात्याचा तिच्यावर अधिकार चालत नाही, दाद संघीय कामगार खात्याकडे मागावी लागते. दुसरी, ईओबी मिळाल्यापासून १८० दिवसांच्या आत अपील करा आणि त्यातच, दर ठरवण्यासाठी वापरलेला नियम, पेढीचे किंवा साधनाचे नाव, शतमक किंवा मेडिकेअरचा टक्का, आणि कोणत्या भौगोलिक भागाची माहिती धरली, हे सर्व मागा. संघीय नियमांनुसार क्लेमशी संबंधित कागदपत्रे विनामूल्य देणे बंधनकारक आहे. मग योजनेच्या मूळ दस्तऐवजातली ‘मान्य रक्कम’ची व्याख्या या उत्तराशी ताडून पाहा. माझ्या अनुभवात जिंकलेली बहुतेक अपिले इथेच जिंकली गेली: दस्तऐवजात लिहिले होते एक आणि क्लेम कापला होता दुसऱ्याच साधनाने. बिल वाजवी होते की नाही यावर वाद घालणारी पत्रे क्वचितच यशस्वी होतात. बाह्य पुनर्विलोकनाची, म्हणजे कंपनीबाहेरच्या तज्ज्ञाकडून निर्णय तपासून घेण्याची, वाट अशा निव्वळ दराच्या वादासाठी सहसा खुली नसते, म्हणून अंतर्गत अपीलच काळजीपूर्वक लिहावे. ‘बचतीवरच्या फी’बद्दल एचआरला विचारायला संकोचू नका. ते पैसे त्यांचेच जात असतात आणि अनेक मालकांना ती रक्कम मासिक पत्रकात कुठे दडली आहे हे माहीत नसते. डॉक्टरांच्या कार्यालयाशीही बोलून घ्या, रोख आणि लगेच भरण्याच्या बोलीवर उरलेली रक्कम उतरवून मिळणे तिथे सर्रास घडते.

पुण्यातली कपात याच कुळातली आहे, पण तिची रचना वेगळी आहे. भारतीय नियामक आयआरडीएआयच्या प्रमाणित व्याख्येनुसार वाजवी आणि प्रचलित शुल्क म्हणजे त्या विशिष्ट रुग्णालयाचे नेहमीचे शुल्क, जे त्या भौगोलिक भागातल्या तशाच सेवांच्या प्रचलित शुल्काशी, आजाराचे स्वरूप लक्षात घेता, सुसंगत आहे. व्याख्या चांगली आहे. पण ‘भौगोलिक भागातले प्रचलित शुल्क’ विमेदाराला पाहता येईल अशी फेअर हेल्थसारखी स्वतंत्र पेढी आपल्याकडे नाही. आकडे असतात ते विमा कंपनीकडे किंवा तिच्या टीपीएकडे (क्लेमचा कारभार पाहणाऱ्या मध्यस्थ कंपनीकडे), आणि टीपीएला मोबदला देते विमा कंपनी. सार्वजनिक क्षेत्रातल्या चार सामान्य विमा कंपन्यांनी तर जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनसह हेल्थ इन्शुरन्स टीपीए ऑफ इंडिया ही स्वतःच्या मालकीची टीपीएच काढली आहे. याच चौघींनी जुलै २०१० मध्ये मुंबई-दिल्लीसारख्या शहरांतल्या बड्या रुग्णालयांतली कॅशलेस सोय बंद करून, ठरावीक पॅकेजदर मान्य करणाऱ्या रुग्णालयांचे ‘पीपीएन’ जाळे उभे केले. ते दर वाटाघाटीतून येतात, त्यामुळे इंजेनिक्सपेक्षा ते प्रामाणिक म्हणावे लागतील. अडचण तेव्हा येते जेव्हा ते दर जाळ्याबाहेरच्या रुग्णालयातल्या बिलालाही ‘प्रचलित’ म्हणून लावले जातात. घाऊक सौद्याचा भाव हा बाजारभाव नव्हे. जून २०२० मध्ये कोविडच्या उपचारांचे संदर्भदर विमा कंपन्यांच्या जनरल इन्शुरन्स कौन्सिलनेच जाहीर केले, तेव्हा रुग्णालयांनी हरकत घेतली ती याच मुद्द्यावर. त्याच्या महिनाभर आधी महाराष्ट्र सरकारने दर बांधले होते, साध्या खाटेला दिवसाला ४,०००, आयसीयूला ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. ते दर कमी की जास्त यावर वाद झाले, पण ते ठरवणारा पैसे देणारा नव्हता आणि घेणाराही नव्हता. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला रुग्णालयांचे प्रमाणित दर ठरवण्याच्या नियमाची आठवण करून दिली, ती याच रिकाम्या जागेमुळे.

आईवडिलांच्या क्लेममध्ये आधी कपातीचे पत्रक नीट वाचा. कपातीचा मोठा भाग पुष्कळदा ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’चा असतो, म्हणजे पॉलिसीच्या मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतल्यामुळे इतर खर्चही त्या प्रमाणात कापलेला असतो. तो वेगळा विषय आहे आणि तिथेही औषधे, इम्प्लांट आणि तपासण्यांवर अशी कपात करता येत नाही. डिस्चार्जच्या वेळी पीपीएन घोषणापत्रावर सही झाली आहे का, तेही पाहा. झाली असेल आणि रुग्णालयाने पॅकेजपेक्षा जादा पैसे घेतले असतील, तर तक्रार रुग्णालयाविरुद्ध करायची आहे, विमा कंपनीविरुद्ध नाही. उरलेली कपात खरोखर ‘रिझनेबल अँड कस्टमरी’खाली असेल, तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहून त्याच भागातल्या कोणत्या रुग्णालयांच्या, कोणत्या काळातल्या दरांशी तुलना केली ते मागा. मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरनुसार अंशतः नाकारलेल्या क्लेमचेही कारण पॉलिसीच्या विशिष्ट अटीचा हवाला देऊन कळवावे लागते. पत्रासोबत रुग्णालयाचे छापील दरपत्रक आणि शेजारच्या तशाच दोन रुग्णालयांची लेखी अंदाजपत्रके जोडा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधानकारक आले नाही, तर त्यानंतर एका वर्षाच्या आत विमा लोकपालांच्या पुण्यातल्या कार्यालयात तक्रार करता येते. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी घेतल्या जातात. मी पाहिलेल्या प्रकरणांत कंपनीकडे तुलनेचा तक्ता नव्हता, तेव्हा ही कपात बहुधा टिकली नाही. तक्ता होता, तेव्हा त्यातली रुग्णालये खरोखर तुलना करण्याजोगी आहेत का, खाटांची संख्या, एनएबीएच हे गुणवत्तेचे मानांकन, सर्जनची पात्रता, यावर सुनावणी झाली, आणि तिथे जोडलेली अंदाजपत्रके उपयोगी पडली.